ग्रुप प्रोजेक्टमधून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दर वर्षी येतात आणि क्रमही साधारण हाच असतो: सुरुवातीला उत्साहाचे, मध्यावर तक्रारींचे, शेवटी धावपळीचे. अनेक टीमना प्रोजेक्ट करताना जवळून पाहिलं, त्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत. तुमच्या गाईडचं मत कुठे वेगळं असेल तर त्यांचं ऐका. मार्क त्यांच्या हातात आहेत.

जे काम मी एकटा पंधरा दिवसांत उरकेन, ते पाच जणांनी मिळून अख्खं सेमिस्टर का करायचं?

एकट्याने ते लवकर होईल हे खरंच आहे, आणि बहुतेक वेळा बरंही होईल. सगळं एकाच डोक्यात असतं. तारीख कुठल्या फॉरमॅटमध्ये साठवली, कुठल्या फंक्शनला हात लावायचा नाही, कुठे तात्पुरतं ठिगळ लावलंय, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण तो झाला प्रोग्रॅमिंगचा सराव. दुसऱ्या माणसाने तुमचा कोड उघडला आणि त्याला तुम्हाला न विचारता त्यात बदल करायचाय, तिथून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग सुरू होतं.

ऑक्टोबर १९६८मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे शब्द तिच्या नावात मुद्दाम घातले होते, ऐकणाऱ्याला थोडे टोचावेत म्हणूनच. जमलेल्या मंडळींना अल्गोरिदम सुचत नव्हते असं नाही. मोठी कामं वेळेत होत नव्हती, खर्चाचे अंदाज कोलमडत होते आणि जे तयार व्हायचं त्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. म्हणजे हा विषय जन्मालाच आला तो अनेकांनी मिळून काम करताना होणाऱ्या फजितीतून. ती फजिती स्वतः अनुभवल्याशिवाय त्यातले उपाय कळत नाहीत, नुसते पाठ होतात. व्हर्जन कंट्रोलवरचा, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवण्याच्या पद्धतीवरचा, धडा वाचून कुणालाही त्याची गरज पटलेली मी पाहिलेली नाही. दुसऱ्याने आपली फाइल पुसून टाकली की पाच मिनिटांत पटते.

टीममध्ये किती जण असावेत?

चार किंवा पाच. पाच जणांमध्ये आपसात बोलण्याच्या १० जोड्या होतात, दहा जणांमध्ये ४५. माणसं दुप्पट झाली की समजुती-गैरसमजुतींच्या वाटा चौपटीहून जास्त होतात. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये हाच हिशोब मांडला आणि त्यातून पुढे गेले: आधीच उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर त्याला आणखी उशीर होतो, कारण नव्याला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो. 'बारभाईंची शेती, काय लागेल हाती' ही म्हण त्याच्या कितीतरी आधीची.

तिघांची टीम चालते, पण एक जण आजारी पडला की उरलेल्यांची दमछाक होते. दोघांना मी टीम म्हणणार नाही. ती जोडी.

मित्रांचीच टीम करावी का?

करा, पण पहिल्याच भेटीत दोन गोष्टी उघड बोला: कुणाला किती मार्कांची आस आहे आणि आठवड्याला कोण किती तास देणार आहे. मैत्री तुटते ती बहुतेक इथेच. एकाला फक्त पास व्हायचं असतं, दुसऱ्याला वर्गात पहिलं यायचं असतं, आणि दोघंही गृहीत धरतात की समोरच्यालाही तेच हवंय.

विषय कसा निवडायचा?

ज्याला ते सॉफ्टवेअर खरोखर वापरायचंय असा एक तरी माणूस शोधा. लायब्ररी, वसतिगृह, एखादा क्लब, एखादी छोटी संस्था, कुणीही चालेल. तो माणूस तुम्हाला हैराण करेल, मागच्या आठवड्यात सांगितलेलं या आठवड्यात फिरवेल. अभ्यासक्रमात जिला 'रिक्वायरमेंट्स बदलणं' म्हणतात ती भानगड हीच. असा माणूस नसेल तर टीम स्वतःच गिऱ्हाईक होते, आणि जे जमलं तेच आपल्याला हवं होतं असं शेवटी ठरवून मोकळी होते.

विषय लहान घ्या. लहान वाटतोय तेवढ्याच्याही निम्मा घ्या. लॉगिन, एक मुख्य काम आणि त्याचा निकाल पडद्यावर दिसणं एवढं नीट चालणारं सॉफ्टवेअर हे पंधरा मेनू असलेल्या अर्धवट सॉफ्टवेअरपेक्षा कधीही वरचढ.

कामाची वाटणी कशी करायची? एकाने फ्रंटएंड (पडद्यावर दिसणारा भाग), एकाने बॅकएंड (त्यामागचा कोड), एकाने डेटाबेस?

सगळे असंच करतात आणि इथेच घोडं पेंड खातं. तिघं तीन बाजूंनी खणत जातात आणि बोगदा मध्ये जुळत नाही.

संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८मध्ये मांडलेलं निरीक्षण आजही हुकत नाही: ज्या गटात बोलण्याचालण्याची जशी रचना, तशीच रचना त्या गटाने बनवलेल्या प्रणालीत उतरते. डेटाबेसवाला आणि फ्रंटएंडवाली एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांचे कोडही बोलत नाहीत. मी तर कोड पाहून टीममध्ये कुणाचं कुणाशी बिनसलंय हे ओळखायला शिकलोय.

त्यापेक्षा काम उभं कापा. 'पुस्तक शोधणं' हे एकीचं, म्हणजे शोधाचं पान, त्यामागचा कोड आणि टेबल सगळं तिचं. 'पुस्तक परत करणं' दुसऱ्याचं. प्रत्येकाला सगळ्या थरांतून जावं लागतं, थोडं हळू होतं, पण दर आठवड्याला काहीतरी चालू स्थितीत दाखवता येतं. जिथे दोघांचे तुकडे भेटतात, तिथे काय पाठवायचं आणि काय परत येणार हे आधी लिहून काढा. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२मध्ये सांगितलं होतं की पुढे जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे, ते एकेका मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या स्वतंत्र तुकड्याच्या, आत लपवा, म्हणजे बदलाची झळ बाहेर लागत नाही. डेटा कुठल्या टेबलात आहे हे शेजाऱ्याला कळायची गरजच पडू नये.

मला कोडिंग फारसं येत नाही. टीमने मला रिपोर्ट आणि पीपीटी दिलंय. चालेल का?

टीमला चालेल, तुम्हाला नाही. असा माणूस व्हायवामध्ये सर्वात आधी उघडा पडतो, आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं, कारण सहसा तो आळशी नसतो. त्याला सुरुवातीला कुणी बसवून दाखवलेलं नसतं, दोन आठवड्यांनी विचारायला लाज वाटते, आणि दीड महिन्याने बाकीचे एवढे पुढे गेलेले असतात की विचारूनही उपयोग नसतो.

पहिल्या आठवड्यातच टीममधल्या कुणाच्या तरी शेजारी बसा आणि एक छोटा बग तुमच्या हाताने काढा. कीबोर्ड तुमच्याकडे, बोलणं त्याचं. मग टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, लिहायला घ्या. टेस्ट लिहिणारा माणूस महिन्याभरात सगळ्या टीममध्ये प्रणाली सर्वात नीट ओळखणारा होतो, कारण त्याला प्रत्येकाच्या दारात जावं लागतं. रिपोर्ट सगळ्यांनी वाटून लिहावा.

लीडर कोण असावा?

ज्याला सर्वात जास्त कोडिंग येतं तो सोडून कुणीही. तो कोडच लिहीत बसतो. आठवण करून देणं, ठरलेलं लिहून ठेवणं आणि 'हे अजून का झालं नाही' असं न चिडता विचारणं ज्याला जमतं, त्याला करा. दर महिन्याला बदललात तर आणखी चांगलं.

व्हॉट्सॲपवर झिप पाठवून आमचं भागतंय. गिट शिकायलाच हवं का?

'फायनल', 'फायनल२' आणि 'फायनल_खरंच' अशा तीन झिप ज्या दिवशी ग्रुपवर येतील त्या दिवशी उत्तर मिळेल. गिट हे व्हर्जन कंट्रोलचं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये ते लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, जिथे जगभरातले लोक एकाच कोडवर काम करतात. पाच जणांना तेवढं सगळं लागत नाही. ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढणं, छोटे कमिट (बदलांच्या नोंदी) करणं, पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकणं आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवणं, एवढ्यावर सेमिस्टर निघतं.

मर्ज कॉन्फ्लिक्टला लोक उगाच घाबरतात. गिट तिथे एवढंच सांगत असतं की एकाच ओळीबद्दल तुम्हा दोघांचं म्हणणं वेगळं आहे, आपसात ठरवा. दुसऱ्याची बाजू डोळे मिटून पुसू नका, त्याला हाक मारा आणि एकत्र बसून सोडवा. कमिटच्या मेसेजमध्ये 'अपडेट' असं लिहिणाऱ्यांना एक विनंती: काय बदललं ते गिटला दिसतंच, का बदललं ते लिहा.

सगळ्यांचे भाग तयार आहेत. शेवटच्या आठवड्यात जोडले तर चालणार नाही का?

या एका प्रश्नावर मी सर्वात जास्त टीम बुडताना पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर.

'माझा भाग झालाय' या वाक्याचा अर्थ असतो की माझ्या लॅपटॉपवर, माझ्या खोट्या डेटावर, मी क्लिक करतो त्याच क्रमाने क्लिक केलं तर चालतं. दोन भाग जोडले की कळतं की एकाने आयडी आकडा धरलाय, दुसऱ्याने अक्षरं. एकाची तारीख दिवसापासून सुरू होते, दुसऱ्याची वर्षापासून. एकीने चूक झाली की रिकामी यादी पाठवलीये, दुसरीला एरर अपेक्षित होता. यातली कुठलीच चूक कुणा एकाच्या कोडमध्ये सापडत नाही. दोघांचेही कोड आपापल्या जागी बरोबर असतात.

मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचल्यावर हरवलं, ते अगदी याच जातीच्या चुकीने. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरमधून थ्रस्टरच्या (यानाच्या छोट्या इंजिनांच्या) धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत बाहेर पडत होते, आणि मार्ग काढणारे लोक ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा बरंच खालून गेलं. एकक काय असावं हे कागदावर ठरलेलंही होतं. जोडणीच्या जागी ते कुणी तपासून पाहिलं नाही.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्या थरांतून आरपार जाणारं एक क्षुल्लक काहीतरी चालवून दाखवा. पानावर बटण, ते दाबलं की डेटाबेसमधलं एक नाव दिसतं, बस. मग रोज, निदान दिवसाआड, प्रत्येकाने आपलं काम मुख्य ब्रँचमध्ये घालायचं. कुणीही कोड वर चढवला (पुश केला) की बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं, आणि टेस्ट आपोआप चालतील अशी सोय फुकटात मिळते, ती पहिल्याच महिन्यात लावून घ्या. नंतर लावू म्हणणाऱ्यांनी ती कधी लावल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आमचा वेळेचा अंदाज दर वेळी का चुकतो?

माणसाचाच चुकतो. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. गंमत म्हणजे 'सगळंच बिघडलं तर किती लागतील' याचंही सरासरी उत्तर ४९च्या आतलं होतं. म्हणजे त्यांची सर्वात वाईट कल्पनासुद्धा वास्तवापेक्षा आशावादी निघाली.

उपाय असा की 'किती वेळ लागेल' यावर विचार करत बसू नका, मागच्या वेळी अशाच कामाला किती लागला ते बघा. त्यासाठी पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा, अंदाज आणि खरा वेळ. तीन आठवड्यांत तुमच्या टीमचा गुणाकार कळतो. काहींचा दोन असतो, काहींचा चार.

स्क्रम करायचं की वॉटरफॉल?

नावावर भांडू नका. वॉटरफॉल म्हणजे एकेक पायरी पूर्ण करत सरळ खाली उतरणं, स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम करण्याची 'अजाइल' पद्धत. वॉटरफॉलची ती प्रसिद्ध पायऱ्यांची आकृती विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या लेखातली म्हणून दाखवतात, पण त्याच लेखात त्यांनी अशा सरळ उतरत जाण्यात धोका असल्याचं म्हटलंय. अजाइलचा जाहीरनामा २००१मध्ये १७ जणांनी लिहिला, आणि तोही एका पानात मावतो.

विद्यार्थ्यांच्या टीमला पुरेल एवढं असं: दोन आठवड्यांचे टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी चालणारं काहीतरी गिऱ्हाइकाला दाखवणं, आणि नंतर अर्धा तास बसून काय खटकलं ते बोलणं. रोजचा स्टँडअप, म्हणजे काम कुठवर आलं ते सांगायची छोटी बैठक, लेक्चरमुळे जमत नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. शेवटचा अर्धा तास मात्र कापू नका. वेळ कमी पडला की टीम नेमका तोच आधी कापते.

रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, चुका दाखवल्या की मित्र रागावतो.

कोडबद्दल बोला, माणसाबद्दल नाही. 'तू हे चुकीचं केलंस' याऐवजी 'यादी रिकामी असेल तर इथे काय होईल?' असं विचारा. बऱ्याचदा लिहिणाऱ्याला उत्तर देतादेताच चूक दिसते. दोनशे ओळींहून मोठी पुल रिक्वेस्ट कुणी वाचत नाही, नुसतं 'छान' लिहून मोकळे होतात. तेव्हा छोट्या टाका. कोड एकमेकांकडून तपासून घेण्याची शिस्तबद्ध पद्धत मायकेल फेगन यांनी आयबीएममध्ये असताना १९७६मध्ये मांडली. लोक तेव्हाही रागावत असणार.

टेस्ट लिहायला वेळ कुठे आहे?

एरियन ५ हे अग्निबाण ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. एरियन ४मधला चालता कोड तसाच उचलला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त होता, त्यामुळे एक ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवताना मावला नाही. जुन्या कोडची नव्या मार्गावर चाचणी झालेली नव्हती. मागच्या बॅचचा कोड घेऊन 'तो चालतोच' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सगळ्यालाच टेस्ट लिहू नका. ज्या गणितावर मार्क, तारखा किंवा हिशोब अवलंबून आहेत त्याला लिहा, आणि सापडलेल्या प्रत्येक बगमागे एक.

एक जण कामच करत नाही. काय करायचं?

आधी हे नक्की करा की तो करत नाही, की त्याला करता येत नाही, की त्याला काम दिलंच गेलेलं नाही. तिन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

खरोखरच अंग चोरत असेल तर त्यालाही मोठा इतिहास आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३मध्ये निष्कर्ष छापले: माणसं वाढली तसा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर घटत गेला. त्यातला काही भाग एकमेकांचा ताल न जमल्यामुळे होता. पण पुढे १९७९मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाटाने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना गटात टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून दाखवलं की ताल सोडला तरी माणसं गटात कमीच जोर लावतात. आपल्या कामाचा प्रश्न सुटतो तो त्यांच्या १९८१च्या प्रयोगात: प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की आळस गेला.

म्हणून काम दिसेल असं ठेवा. बोर्डवर प्रत्येक कामासमोर एकाच माणसाचं नाव. 'आपण सगळे मिळून करू' हे काम कुणाचंच नसतं. दोन आठवडे काही हललं नाही तर समोरासमोर बोला, आणि तरीही नाही हललं तर गाईडला सांगा. ही चुगली नाही. सबमिशनच्या आदल्या दिवशी सांगता ती मात्र नुसती तक्रार होते. तेव्हा कुणालाच काही करता येत नाही.

उलट झालंय. एकच जण रात्रभर बसून सगळं लिहून टाकतो.

हा जास्त घातक, कारण सगळे त्याचे आभार मानतात. सकाळी उठून बघावं तर तुमचा कोड पुसून 'मी नीट केलं' असा कमिट. त्याला लिहिण्यापासून थांबवू नका, मुख्य ब्रँच बंद करा: दुसऱ्याने वाचल्याशिवाय काहीही आत जाणार नाही. गिटहबवर (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटवर) ही सेटिंग आहे. मग त्याला वेग कमी करावा लागतो किंवा समजावून सांगावं लागतं. दोन्ही चालेल.

एआयकडून कोड लिहून घेतला तर?

तुमच्या विद्यापीठाचे नियम आधी बघा. नियम परवानगी देत असले तरी एक अडचण उरते. पीटर नाऊर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञांनी १९८५मध्ये म्हटलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे मुळात तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज. लिहिलेला मजकूर हा तिचा फक्त एक भाग. पाच जणांनी पाच वेगवेगळ्या चॅटमधून कोड आणला तर मजकूर भरपूर येतो, समज कुणाच्याच डोक्यात नसते, आणि एकच काम तीन ठिकाणी तीन पद्धतींनी केलेलं सापडतं. आमचा साधा नियम असा: पुल रिक्वेस्ट टाकणाऱ्याला त्यातल्या कुठल्याही ओळीचं कारण सांगता आलं पाहिजे. 'एआयने दिलं' हे कारण धरत नाही.

प्रोजेक्ट चाललाच नाही तर नापास?

क्वचित. डेमो कोसळला पण का कोसळला हे टीमला नेमकं सांगता आलं, तर परीक्षक बहुधा ऐकून घेतात. काय काढून टाकलं आणि का, ते रिपोर्टमध्ये मोकळेपणाने लिहा. डेमोच्या आदल्या संध्याकाळनंतर मात्र कोडला हात लावू नका, कितीही छोटा बदल असला तरी.

सबमिशन झालं. आता रिपॉझिटरीचं, म्हणजे गिटमधल्या कोडच्या साठ्याचं, काय करायचं?

उघडी करण्याआधी टीममधल्या सगळ्यांना आणि ज्यांच्यासाठी बनवलं त्यांना विचारा. कुणाचा खरा डेटा आत राहिला नाही ना ते बघा. पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) कधी कमिट झाली असेल, तर ती नंतर पुसूनही जुन्या इतिहासात दिसत राहते, तेव्हा ती बदलूनच टाका. मग रीडमी, म्हणजे प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणारी फाइल, कोऱ्या लॅपटॉपवर ठेवून, टीमबाहेरच्या कुणाला तरी त्यावरून प्रोजेक्ट चालू करायला सांगा आणि मागे गप्प उभे राहा. ती व्यक्ती जिथे अडेल, ती पायरी रीडमीत लिहायची राहिलेली आहे.